पितृपक्षाला पुरणारी डिस्क

आमच्या ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. एक सांगायला घ्यावा तर दुसरा लगेच मधे तोंड घालतो. पुण्याची मावशी आली की विचारते, "तू नेमकं करतेस काय गं?" मी म्हणते, "डेटाबेस बघते." ती म्हणते, "त्यात काय बघायचं असतं?" मग सांगावंच लागतं, आणि एकदा सुरू झाले की मी थांबत नाही!

तर बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही चार माणसं. काशीत श्राद्ध, अभिषेक, पूजा करायची असेल तर देशभरातले लोक आमच्या वेबसाइटवर गुरुजी ठरवतात. मालक मुकुंददादा, दुर्गाघाटचे, बंगळुरूला नोकरी करून परत आलेले. फरहाना प्रोग्राम लिहिते; तिचा आवाज कधी चढत नाही. मिश्राजी यजमान आणि गुरुजी दोघांनाही सांभाळतात. आणि मी, ऋचा. कॉम्प्युटरची डिग्री घेतलेली, पण दाराची कडी वाजली तरी दचकणारी. कोण यजमान, कोणते गुरुजी, कुठली वेळ, ही सगळी माहिती ज्या डेटाबेसमध्ये राहते, तो माझ्या ताब्यात. तो आमच्या खोलीत नाही. क्लाउडवर आहे, म्हणजे कुठेतरी दूर, भाड्याच्या मशीनवर.

*

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. डेटाबेस अडखळला की माझ्या लॅपटॉपवर काहीतरी वाजायला हवं. काय वाजवायचं? मिश्राजी म्हणाले, "शंख रख दीजिए. शुभ होता है." फरहानाने शंख ठेवला.

संध्याकाळी घाटावर शंख वाजला आणि मी हातातल्या चहासकट उडाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घरात पूजा; पुन्हा उडाले. आठवडाभर मी लॅपटॉपकडे इतक्या वेळा धावले की मुकुंददादांना वाटलं, सर्व्हरच गेला.

मग घंटी लावली. बनारसमध्ये घंटी! मग माकडाचा आवाज लावून पाहिला, तर खिडकीच्या जाळीवर खरी माकडं येऊन बसली, चौकशीला.

शेवटी फरहानाने समुद्राच्या लाटा लावल्या. मी विचारलं, "हे का?"

"पूरे बनारस में बस यही एक चीज़ नहीं है," ती म्हणाली.

*

गेल्या वर्षी पितृपक्षात साइट अडकली. म्हणजे बंद नाही पडली, पण प्रत्येक बटणानंतर ते गोल चक्र फिरत राहायचं. डिस्क दमली होती. माहिती वाचायची आणि लिहायची एवढंच डिस्कचं काम, पण सगळा देश एकदम आला तर तिला ते झेपेना. लोकांनी कंटाळून फोन लावले. मिश्राजींनी दोन्ही कानांना दोन फोन लावून तशीच बुकिंगं घेतली आणि मागाहून साइटवर घातली. इकडे चक्र फिरवत बसलेल्यांचीही बुकिंगं हळूहळू पोचत होती. व्हायचं तेच झालं. एका गुरुजींसमोर दोन-दोन कुटुंबं, दोघांच्याही हातात तीळ!

एक गृहस्थ फोनवर ओरडत होते, "पिताजी की तिथि निकली जा रही है!"

मिश्राजी शांतपणे म्हणाले, "बाबूजी, पिताजी तो साल भर से रुके हैं. दो मिनट आप भी रुक जाइए."

त्यांच्याकडून आलेली तक्रार मुकुंददादांनी आजही जपून ठेवली आहे.

*

पण नानाशास्त्रींना हसू आलं नाही. नाना म्हणजे आमच्याकडच्या सगळ्या गुरुजींचे प्रमुख. त्यांनी मुकुंददादांना घरी बोलावून घेतलं. मीही सोबत होते.

"मुकुंदा, दोन यजमानांना एक ब्राह्मण? आमची पंचाईत झाली. यंदाही असंच झालं, तर सगळे गुरुजी तुझ्याकडून काढून घेईन. आमचं आधीचं बरं होतं."

दादांचा चेहरा उतरला. गुरुजी गेले की आमच्या साइटवर उरतं काय? पूजेच्या तांब्याच्या फोटोखेरीज काही नाही.

"नाना, यंदा नवी डिस्क घेतोय," दादा म्हणाले. "वेगवान. निवडायचं काम आमच्यातल्या सगळ्यात हुशार माणसावर सोपवलंय."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

*

नानांना अर्धवट सांगितलेलं चालत नाही. "डिस्क-डिस्क काय आहे ते नीट सांग," म्हणाले. मी घाबरत घाबरत सांगितलं की डिस्क बऱ्याच प्रकारच्या मिळतात. काही साध्या, काही तेज. सगळ्यात तेज ती, जी मशीनच्या अगदी पोटातच असते.

"मग तीच घे की."

"पण नाना, मशीन बंद पडून दुसरं मिळालं, तर तिच्यावरचं सगळं पुसलं जातं."

"सगळं? यजमानाचं गोत्रही?"

"हो."

"नावही?"

"हो, नाना."

नाना जरा विचारात पडले. "गोत्र गेलं तर काश्यप म्हणून वेळ मारून नेता येते," ते म्हणाले. "नावच गेलं तर मी काय म्हणू?"

ती डिस्क तिथेच बाद झाली. मी घरी जाऊन डिस्कांचा तक्ता केला आणि तिच्यापुढे कारणाच्या रकान्यात एवढंच लिहिलं: 'नानांचा प्रश्न.'

*

क्लाउड विकणाऱ्यांपैकी एकाशी व्हिडिओ कॉल होता. टाय घातलेला तरुण, मागे खोटी हिरवी झाडं. मी आदल्या दिवसापासून प्रश्न पाठ केलेले, आणि तो बोलायला लागल्यावर सगळे विसरले.

त्याने विचारलं, "मॅम, आपका एवरेज लोड कितना रहता है?"

मी फरहानाकडे पाहिलं. तिने माइक स्वतःकडे ओढला.

"हमारे यहाँ एवरेज नहीं होता, सर," ती म्हणाली. "एकादशी होती है."

त्याने लिहून घेतलं! 'एकादशी' कसं लिहितात तेही विचारलं.

*

आता हा किस्सा माझा आहे आणि मी तो लाजत लाजत, पण पुन्हा पुन्हा सांगते.

उरलेल्या डिस्कांची मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. डेटाबेसची एकेक प्रत एकेकीवर ठेवली आणि गेल्या पितृपक्षात आली तेवढीच खोटी गर्दी सोडली. निकाल पाहून सगळे खुर्चीतून उठले. साधी डिस्क महागड्या डिस्कच्या तोडीस तोड पळत होती! दादांनी मिश्राजींना मिठाईच्या दुकानात लवंगलता आणायला पिटाळलं.

मला मात्र गोड लागेना. इतकं चांगलं कसं काय? गेल्या वर्षी अशीच साधी होती, ती तर रांगत होती.

"ऋचा, तू आनंदाच्या बातमीलाही दचकतेस," दादा म्हणाले.

"दादा, परीक्षा थांबवू नका. चालू राहू दे."

सगळ्यांनी लवंगलता खाल्ली, हात धुतले, गप्पा झाल्या. आणि तेवढ्यात स्क्रीनवरची रेघ धपकन खाली आली. साधी डिस्क बसली ती बसलीच.

मग माहितीपत्रकं पुन्हा नीट वाचली. ही साधी डिस्क काम नसताना जोर साठवते. गर्दी झाली की साठवलेला जोर खर्चून पळते. साठा संपला की आपल्या मूळ चालीवर.

"समझ गए," मिश्राजी म्हणाले. "यह कचौड़ी वाला है. सुबह राजा, दोपहर में शटर बंद."

माझ्या डोक्यात तेव्हा जे लखकन झालं, ते कॉलेजात कधी झालं नव्हतं. मी भिंतीवरचं कालनिर्णय ओढून टेबलावर घेतलं. "दादा, एकादशीला गर्दी याच्या मानाने थोडी, तेव्हा ही चालेल. एक दिवस पळेल, मग पुढच्या एकादशीपर्यंत आराम, साठा पुन्हा भरेल. पण पितृपक्ष सलग पंधरवडा! प्रतिपदेला दमलेली डिस्क द्वितीयेला कुठून जोर आणणार? आणि सगळ्यात मोठी गर्दी शेवटी, अमावास्येला. म्हणजे नेमकी त्या दिवशी ती पूर्ण रिकामी!"

सगळे कालनिर्णयावर वाकून तिथ्या मोजायला लागले. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं.

"म्हणजे आपल्याला रोज सारख्या वेगाची हमी देणारी डिस्क हवी," मी हळूच म्हटलं. "महाग आहे. पण दमत नाही."

दादांनी कालनिर्णय परत खिळ्याला लावलं. "ऋचे," ते म्हणाले, "तुझं हे घाबरणं बंद करू नकोस. कंपनी त्यावर चालते."

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पगारात धरतात का?"

*

नव्या डिस्कवर माहिती हलवायची, तर मिश्राजी अडून बसले. "बिना मुहूर्त के कुछ नहीं हटेगा." दादांनी शेवटी नानांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

नाना म्हणाले, "हा गृहप्रवेश की प्रवास?"

मिश्राजी म्हणाले, गृहप्रवेश. दादा म्हणाले, प्रवास. थोडा वाद झाला.

फरहाना म्हणाली, "नाना, पुरानी जगह पर पूरी कॉपी रहेगी. गड़बड़ हुई तो वापस आ जाएँगे."

"परत येता येतं?" नाना म्हणाले. "मग मुहूर्त कशाला अडवता! जिथून परत येता येत नाही त्याला मुहूर्त. जा, हलवा."

अर्ध्या तासात हललं. मिश्राजींनी तरीही माझ्या लॅपटॉपला कुंकू लावलं. 'एंटर'च्या बटणावर अजून आहे.

*

आणि मग सर्वपित्री अमावास्या.

पंधरा दिवस डिस्कने हूं की चूं केलं नव्हतं, पण खरा दिवस हाच होता. मी सकाळपासून स्क्रीनसमोर. बुकिंगं नुसती कोसळत होती: नागपूर, इंदूर, बडोदा, हैदराबाद. डिस्कची रेघ सरळ. मला श्वास घ्यायची आठवण फरहाना करून देत होती.

फोन वाजला. मी दचकले. नाना.

"ऋचा, बंद पडलंय का गं?"

"नाही नाना! सुरू आहे!"

"मग मला फोन का येत नाहीयेत?"

"लोक साइटवरच ठरवताहेत, नाना."

"सगळे?"

"सगळे."

फोन ठेवला गेला. थोड्या वेळाने जिन्यावर खडावांचा आवाज. नाना आमच्या ऑफिसात कधीच आले नव्हते. उपरणं खांद्यावर, कपाळाला गंध, येऊन माझ्या मागे उभे राहिले. स्क्रीनवर एकेक नाव उमटत होतं आणि ते ओठातल्या ओठात वाचत होते.

"एका गुरुजींना दोघे नाहीत ना?"

"नाही नाना. एकही नाही."

त्यांनी आणखी चार नावं वाचली. मग म्हणाले, "दरवर्षी या दिवशी माझ्या कानाला फोन चिकटलेला. माझ्या आईचं श्राद्ध सगळ्यांच्या मागून. दिवस कलताना, जो गुरुजी मोकळा सापडेल त्याला हाताला धरून. आज पहिल्यांदा मी मोकळा आहे. माझं एक घाल. आईच्या नावे."

मी नाव घातलं, गोत्र घातलं, बटण दाबलं. क्षणात उत्तर आलं: 'आजच्या सर्व वेळा भरल्या आहेत. प्रतीक्षा यादीत नाव नोंदवायचे आहे का?'

दादा खुर्चीतून अर्धे उठले.

"अरे नाना, आप तो घर के हैं!" मिश्राजी पुढे आले. "बिटिया, पीछे से डाल दो. एक मिनट का काम है."

खरंच मिनिटाचं काम होतं. माझी बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा.

"हात काढ!"

मी अशी दचकले की खुर्ची मागे सरकली.

"गेल्या वर्षीचा गोंधळ कसा झाला? असाच मागून घातल्याने ना?" नाना म्हणाले. त्यांनी उपरणं सावरलं, पुढे वाकले आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. "हे यादीचं दाब."

मी दाबलं. क्रमांक आला.

"एकोणीस," नानांनी मोठ्यांदा वाचलं. दादांकडे पाहिलं, मिश्राजींकडे पाहिलं, फरहानाकडे, माझ्याकडे. मग भिंतीजवळची खुर्ची स्वतः ओढून घेतली आणि ताठ बसले.

"पंखा जरा वाढवा," म्हणाले. "मी थांबतो."