मास्तरांचा उद्या

कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात, तसं त्यांनाही म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी एकाच मशीनवर पाय हलवला आणि चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना एकच शब्द दिला: "उद्या नक्की." नुसती काजं-बटणं राहिलेली असोत, की कापडाला अजून कात्रीच लागलेली नसो, शब्द तोच. गिऱ्हाइकंही वस्ताद. मास्तरांचा उद्या म्हणजे पुढचा आठवडा, हे धरूनच ती कापड आणून टाकत.

लेकीशी मात्र मास्तर कधी खोटं बोलले नव्हते. घोळ झाला तो तिथंच.

लेक दूरच्या शहरात नोकरीला निघाली, तेव्हा तिच्या खोलीच्या खिडकीत तीन कुंड्या होत्या. एकीत कोरफड, एकीत मनीप्लांट आणि तिसरीत तलवारीच्या पात्यांसारखं ताठ उभं राहणारं स्नेक प्लांट. बॅगेची चेन ओढता ओढता ती म्हणाली, "बाबा, मी येईपर्यंत एवढी जगव." मास्तरांनी मान डोलावली. आई तिची केव्हाच गेलेली. घरात जगवायला आता दुसरं होतंच कोण!

रोज संध्याकाळी फोन येई आणि पहिला प्रश्न ठरलेला, पाणी घातलंस का? नाही म्हणावं तर पोर हिरमुसणार, हो म्हणावं तर खोटं. मास्तरांनी मधली वाट काढली. फोन वाजला की आधी पेला भरायचा, तिन्ही कुंड्यांत रिता करायचा आणि मगच फोन उचलायचा. घातलं, असं ते छाती पुढे काढून सांगत. लेक खूश, बाप खूश. झाडांना कुणी विचारलंच नाही.

दोन महिन्यांत कोरफड उकडल्यासारखी मऊ पडून बसली. मागोमाग मनीप्लांट पिवळं पडून गेलं. तिसऱ्याचंही एक पान बुडाशी ढिलं झालं, तेव्हा मास्तर ती कुंडी लेकरासारखी कडेवर घेऊन रोपवाटिकेत गेले.

तिथली बाई तोंडाची फटकळ. तिनं झाड उपसलं, कुजकी मुळं छाटली, मातीत वाळू मिसळून ते पुन्हा लावलं, आणि हे करता करता मास्तरांची बिनपाण्यानं केली.

"मास्तर, झाडं तहानेनं मरत नाहीत एवढी मायेनं मरतात."

या झाडाला पंधरा दिवस विसरलात तरी ते रुसणार नाही, असं तिनं बजावलं. बोट मातीत दोन पेरं खुपसायचं, ओल लागली तर पाणी घालायचं नाही.

मास्तरांनी तिथंच बोट खुपसलं आणि ओशाळले. सुईनं टोचून टोचून बोटाचं टोक असं निबर झालं होतं, की ओलं काय नि कोरडं काय, कळेना. पण डोकं शिंप्याचं. घरी येऊन त्यांनी दाभणात पांढरा दोरा ओवला, मातीत खोल उतरवला आणि घटकाभरानं ओढून काढला. दोरा मळून आला तर आत ओल आहे. पांढरा आला तर पाण्याची वेळ झाली.

युक्ती नामी होती. पण संध्याकाळी फोन वाजला की हात आपोआप पेल्याकडे जाई.

मग लेकीचं काम वाढलं. रोजचा फोन रविवारवर गेला, रविवारचा महिन्यावर. आणि झाड सुधारलं. ढिल्या पानाशेजारी नवा कोंब फुटला. मास्तर गळ्यातल्या टेपनं तो मोजत. वाढ बघून जीव सुखावायचा आणि त्याच वेळी आत कुठंतरी तुटायचं. फोन जितका लांबला, तितकं झाड टवटवीत. एखाद्या संध्याकाळी वाटे, मरो मेलं ते झाड, पण वाजू दे.

असाच एकदा तो वाजला. दोरा त्या सकाळी जरासा मळूनच आला होता. पेल्याकडे गेलेला हात मास्तरांनी मागे घेतला आणि फोन उचलला.

"बाबा, पाणी घातलंस?"

"उद्या," मास्तर बोलून गेले. "उद्या नक्की."

लेक खळखळून हसली. "मला गिऱ्हाईक समजलास की काय?"

मास्तरही हसले. हसण्याच्या भरात, वर्षभर गिळलेला प्रश्न बाहेर पडला. "तू कधी येतेस गं?"



"येते ना, बाबा. उद्या नक्की."

फोन ठेवल्यावर मास्तर कितीतरी वेळ खिडकीशी उभे होते. काजं-बटणं राहिलेला उद्या वेगळा आणि कापडाला कात्रीच न लागलेला उद्या वेगळा. दोन्ही एकाच आवाजात बोलता येतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? लेकीचा कुठला, ते त्यांनाही ओळखू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोरा पांढरा आला. मास्तरांनी पेलाभर पाणी अगदी सावकाश घातलं. त्यांचा उद्या आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या दिवशी उगवला होता. रिकामा पेला हातात धरून, सवयीनं, त्यांनी फोनकडे पाहिलं.