सवतीच्या भुताच्या ओव्या

कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच साली मी या घरात दुसरेपणावर आले. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली म्हणून वऱ्हाडातल्या गाड्या अमरावतीच्या बाजाराकडे धावत होत्या. मला माझी घरचीच लढाई पुरेशी होती. पहिली वारली होती, पण कौतुक अजून तिचंच. तिची भाकर पातळ, वेचणीला तिची ओटी सगळ्यांआधी भरायची. रिवाजाप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे तिची छोटी प्रतिमा, माझ्या गळ्यात बांधलेला, म्हणजे जेवतानाही सवत छातीवर बसलेली.

मला ओव्या जुळवायची खोड. एका पहाटे दळता दळता मी सूड घेतला:

उलट्या पायी फिरे बाई, केस सोडले पाठीवरी
कापूस म्हणून हाडं वेचे, नाल्याकाठच्या धुऱ्यावरी

नाल्याकाठचा तो धुरा, म्हणजे बांध, आमच्याच शेताचा, तेव्हा भूत कुणाचं ते सांगावं लागलं नाही. जात्यावरची ओवी भिंत ओलांडून जाते. शेजारणीनं भुताला सुळे दिले, तिच्या पलीकडचीनं हातात कवटी दिली. आठ दिवसांत गावातल्या जात्याजात्यावर माझं भूत गाजू लागलं. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या.

मग वेचणी आली. बोंडं फुटून शेत पांढरं झालं, आभाळ भरून येऊ लागलं, आणि एकही बाई आमच्या धुऱ्यावर पाय ठेवीना. त्या साली बायांना कामाची ददात नव्हती, भुताच्या शेतात कोण मरायला येणार? एक सर आली असती तर वर्षाचा कापूस मातीत गेला असता. मालकांनी जेवण सोडलं. सासू ओवी रचणारीला शिव्या घालत होती आणि मीही भित्र्या मनानं तिच्या सुरात सूर मिसळत होते.

तिसऱ्या दिवशी सवतीची आई आली. ती गावातच राहायची. ओवी कुठून आली म्हणून घरोघर विचारत निघाली होती. जिथे विचारलं तिथल्या बाईनं शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं, अन् शेवटची भिंत आमची निघाली. सासू परसात होती. म्हातारी माझ्या जात्यापाशी टेकली.

"माही पोरगी आंधाराले भेत होती," ती म्हणाली. "माह्या सोबतीबिगर आंगनात जात नव्हती. तिले तू एकटी वावरात काहून उभी केली?"

मेलेल्या बाईला आई असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फार लाज वाटली मला. दुसऱ्या पहाटे मी मोकळ्या गळ्यानं गायले:

एकलीच मी धुऱ्यावरी, मले आंधाराचं भेव
ये वं बाई वेचायाले, मूठभर दहीभात ठेव

पहिल्या वेचणीला धुऱ्यावर दहीभात ठेवून शितादहीची पूजा करायची आमची रीतच आहे. ओवी पुन्हा भिंतीमागून भिंत ओलांडत गेली, आणि भुताला तेवढंच हवं म्हटल्यावर बायांना धीर आला. स्वतःच भिणाऱ्या भुताला काय भ्यायचं, म्हणत दिवस वर येईस्तोवर पंधरा-वीसजणी हसत शेतात उतरल्या. सगळ्यांच्या पुढे दहीभाताचं गाडगं घेऊन म्हातारी.

तिनं एक घास धुऱ्यावर ठेवला, दुसरा माझ्या तोंडात घातला. वाकून वेचताना माझा टाक मानेमागे सरकला होता. तो तिनं ओढून पुढे घेतला.

"पुढंच राहू दे, माय," ती म्हणाली. "मांगं तिले भेव वाटते."