दहाव्या लेवलचे भाऊजी

स्वतःला सुधारण्यासाठी आमच्या भाऊजींइतके कष्ट घेतलेला माणूस भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि इतके कष्ट घेऊनही खुर्चीवरून न उठलेला तर सबंध महाराष्ट्रात नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय साठीच्या पुढे, मुक्काम सिहोरा, धानाची शेती, डोक्यावर टक्कल. या माणसाला आज स्वयंपाक येतो, बागकाम येतं, गिटार येते, चारचौघांत भाषण ठोकता येतं आणि बिघडलेला नळ दुरुस्त करता येतो. फक्त हे सगळं लॅपटॉपमध्ये येतं. लॅपटॉपच्या बाहेर त्यांना चहा येतो, तोही उतू जातो.

याचं श्रेय माझ्या भाचीला. ताई गेली आणि भाऊजी दिवसभर ओसरीत बसून समोरच्या भिंतीचा अभ्यास करू लागले. सोनू, त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात नोकरीला. तिने आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला आणि त्यात एक गेम टाकून दिला. या गेममध्ये कोणाला मारायचं नसतं, गाडी पळवायची नसते. एक माणूस बनवायचा, त्याला घर बांधून द्यायचं, वेळेवर जेवू घालायचं, झोपवायचं, आंघोळीला पाठवायचं आणि एकेक कला शिकवत त्याची लेवल दहावर न्यायची. मी म्हटलं, हे तर बाया जन्मभर फुकट करतात, त्याला लॅपटॉप कशाला? पण भाऊजींना ते जडलं. चार-चार महिने आभाळाकडे बघून धान पिकवणारा माणूस तो. एका दुपारात पीक हाती येणारा धंदा त्यांना पहिल्यांदाच सापडला होता. त्यांनी गेममध्ये स्वतःलाच बनवलं. हुबेहूब. गेममधल्या भाऊजींना भरगच्च केस आहेत, पोट नाही आणि घरामागे पोहण्याचा तलाव आहे, एवढाच काय तो फरक.

नुसतं खेळून थांबतील तर ते भाऊजी कसले? कमी वेळात जास्त लेवल कशी चढते याचं त्यांनी शास्त्रच बनवलं. माझी शहापूरला पिठाची चक्की आहे. दिवसभर पट्टा, जातं आणि गिऱ्हाईक. अशा वेळी नेमका त्यांचा फोन येई. "सालीसाहेब, एक गोष्ट ध्यानात आली. पक्वान्न बनवा का पोहे बनवा, गेममध्ये पॉइंट सारखेच भेटते. मंग माणसानं पक्वान्न कायले बनवा?" मी म्हटलं, "खायले, भाऊजी." हा मुद्दा त्यांच्या शास्त्रात बसत नव्हता. पुढचा शोध याहून मोठा होता. गेममध्ये भाजी चिरायला घ्यायची आणि पुरी होण्याआधी काम रद्द करायचं. सामान खर्च होत नाही, पण हात बसतो. हे त्यांनी खऱ्या स्वयंपाकघरात करून पाहिलं. एकदा मी गेले तर ओट्यावर अर्धा कांदा, अर्धा टमाटर, अर्धं सोललेलं आलं आणि गॅसवर अर्धी शिजलेली डाळ. "हे काय मांडून ठेवलं?" "प्रॅक्टिस." "अन् जेवण?" "ते शेजारून आलं."

त्यांच्या शास्त्रात मूडला फार महत्त्व. गेममधला माणूस आनंदात असला की लवकर शिकतो, म्हणून कामाला हात लावण्याआधी मूड बनवायचा. आंघोळीने मूड चांगला होतो असं गेमचं म्हणणं. त्यामुळे भाऊजी गिलासात पाणी घेण्याआधीसुद्धा आंघोळ करू लागले. लाइटचं बिल भरायला जाण्याआधी आंघोळ, बिल भरून आले की आंघोळ. ताई असताना याच माणसाला दिवाळीच्या अभ्यंगाला चार हाका माराव्या लागत. वक्तृत्व वाढवायला आरशासमोर बोलावं लागतं, तेही सुरू झालं. दूधवाली बाई एके सकाळी दारातूनच परत गेली. तिने आतून ऐकलं, "मित्रहो, आपण सगळे कशासाठी जमलो आहोत?" आणि घरात भाऊजी एकटे. गावात बातमी पसरायला दुधाचा एक फेरा पुरला. मी विचारलं तेव्हा भाऊजी जरासुद्धा शरमले नाहीत. "लोक हसून राहिले म्हणजे माझी विनोदाची लेवल वाढून राहिली."

दुरुस्तीचं तर विचारूच नये. गेममध्ये मोडलेली वस्तू दुरुस्त केली की पॉइंट मिळतात. घरात मोडलेलं काही नव्हतं, कारण ताईने काही मोडू दिलं नव्हतं. मग भाऊजींनी चालू मिक्सर उघडला. तो आजही उघडाच आहे. माणसांकडेही ते गेमच्या नजरेने बघत. गेममध्ये प्रत्येकाच्या भुकेची, झोपेची, सोबतीची एकेक पट्टी असते, भरली की हिरवी, रिकामी झाली की लाल. चौकातल्या चहावाल्याला हे सांगत, "तुई झोपेची पट्टी लाल झाली बावा, घरी जा." मी चक्कीवरून थेट बस धरून गेले तर दारातच, "सालीसाहेब, भूक पिवळी, राग लाल." पट्टी बरोबर असायची, तेवढं मान्य करायला पाहिजे. पण लाल पट्टी बघून पाण्याचा गिलास पुढे करावा, हे गेममध्ये नसावं.

हे सगळं हसण्यावारी जात होतं. खरा घोटाळा झाला तो लेवल या शब्दाने. आमच्या भागात धानाच्या खाचराला बांधी म्हणतात, आणि बांधीत लेवल म्हणजे एकच गोष्ट, मातीची पातळी. भाऊजींची तलावाकडची एक बांधी खोलगट होती, तिथे पाणी जास्त साचायचं. उन्हाळ्यात त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, बोडीतला गाळ आणून टाक आणि थोडी उचलून घे. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. ट्रॅक्टरवाला सकाळपासून ट्रॉल्या ओतत होता आणि भाऊजी घरी पंख्याखाली गेममधल्या भाऊजींचं बागकाम नवव्या लेवलवर घेऊन बसले होते. दुपारी त्याचा फोन आला. हे संभाषण मी दोघांच्याही तोंडून स्वतंत्र ऐकलं आहे, आणि दोघांत एका अक्षराचा फरक नाही.

"भाऊ, लेवल झाली वाटते. थांबू का?"

"थांबतं काहून बे? आता तर मजा येऊन राहिली. वाढव!"

"अजून?"

"अजून म्हणजे? मॅक्स होईस्तोवर सोडाचं नाही."

ट्रॅक्टरवाला आज्ञाधारक. त्याने बोडी खरवडून काढली. गेममधलं बागकाम संध्याकाळी दहाव्या लेवलला पोचलं आणि बांधीही पोचली. पाऊस आला, तसं त्या बांधीतलं पाणी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सरळ शेजाऱ्याच्या बांधीत उतरू लागलं. शेजारी भला माणूस, पेढे घेऊन आभार मानायला आला. भाऊजींनी तरीही हट्टाने तिथे रोवणी, म्हणजे धानाची लावणी, केली. खाली सगळीकडे हिरवंगार धान आणि मधोमध एका चौथऱ्यावर वाळलेलं गवत, असं ते दृश्य होतं. बपेऱ्याकडून येणारे बसमधले लोक खिडकीतून बोट दाखवत. कोणी विचारलं, इथं समाधी बांधणार आहेत का?

याचा फोटो गावातून कोणीतरी सोनूला पाठवला. त्या पोरीने फोन केला तो मला. आवाजात हसू नव्हतं. "मावशी, मला हे पुरे झालं. शेती काकांना करायला देते आणि बाबांना पुण्याला आणते. एकट्याने राहणं त्यांना जमत नाही. उद्या मिक्सरच्या जागी गॅस उघडला तर?" मी चक्कीचा पट्टा बंद करून ऐकत होते. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिने एवढंच कबूल केलं की धान कापणी झाल्यावर ती येऊन दोन दिवस राहील, बाबा स्वतःचं स्वतः करू शकतात असं दिसलं तर राहू द्यायचं, नाहीतर बॅग भरायची. मला वाटलं, दोन दिवस कशाला, दोन तास पुरतील.

भाऊजींना बातमी कळली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पहिल्यांदा पाहिला. ताईच्या वेळी तो उडायचा राहिला होता की मी पाहायची राहिले होते, कोणास ठाऊक. लगेच मला बोलावणं. "सालीसाहेब, तुमची स्वयंपाकाची लेवल दहा. गेममध्ये दहावाला बाजूले उभा राहिला का शिकणाऱ्याचा स्पीड डबल होते. तुम्ही काही करू नका. फक्त उभ्या राहा." चक्की माझ्या पोराच्या बापावर सोपवून मी सिहोऱ्याच्या स्वयंपाकघरात खांबासारखी उभी राहिले. भाऊजींनी आंघोळ केली, आरशासमोर दोन शब्द बोलले आणि पाटोडीचा रस्सा करायला घेतला. मी म्हटलं, "पोहे करा ना, ते येते तुम्हाले." ते म्हणाले, "पोह्यानं पोरी पटत नाही. सोनूले पाटोडी आवडते." पहिल्यांदाच त्यांनी पॉइंटचा हिशेब सोडून काही रांधायला घेतलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. स्पीड मात्र डबल झाला नाही.

सोनू आली. पहिला दिवस भाऊजींनी निभावून नेला, कारण पहिल्या दिवशी ते काहीच उघडायला गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पाटोडी. बेसनाच्या वड्या थापल्या बऱ्या, कापल्याही बऱ्या. रश्श्यात सोडल्या आणि एकेक करून विरघळल्या. वाढायच्या वेळी कढईत जे होतं त्याला वडी म्हणणं म्हणजे वडीचा अपमान होता. सोनूने घास घेतला. आम्ही दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"बाबा, झुणका मस्त झाला."

"झुणकाच बनवला होता," भाऊजी तत्काळ म्हणाले.

ती हसली आणि पुन्हा वाढून घेतलं. पण जेवण उरकल्यावर सरळ आत गेली, त्यांची बॅग काढली आणि कपडे भरायला लागली. निकाल लागला होता. भाऊजी दारात उभे. भाषण सुरू होईल म्हणून मी कंबर कसून बसले, इतकी प्रॅक्टिस वाया थोडीच जाणार? पण आरशासमोरचं एकही वाक्य आलं नाही. ते एवढंच म्हणाले, "सोनू, तिथं मले कोण ओळखते वं? चहावाला नाही, ट्रॅक्टरवाला नाही. माई लेवल जे काही आहे ते इथंच आहे. तिथं गेलो का शून्य."

"बाबा, हा गेम नाही," सोनू म्हणाली. मग बहुधा चिडूनच तिने टेबलावरचा लॅपटॉप उघडला. "बघू तरी काय इतकं आहे यात." केसवाले भाऊजी आपल्या मोठ्या घरात एकटेच अंडं तळत होते. शेजारी एक रिकामी खुर्ची. सोनूने त्या खुर्चीवर बोट ठेवलं. "यात आई नाही बनवली?"

मला वाटलं होतं, बनवली असेल. अशा माणसांकडून तीच अपेक्षा असते.

"बनवली होती," भाऊजी म्हणाले. "लुगडं नाही भेटलं त्याच्यात, ड्रेस घालून द्या लागला. पण नवीन माणूस आणलं का गेम त्याले शून्यावरच आणते. तुया मायनं गॅस पेटवला अन् तिले काहीच येत नव्हतं. भांड्याले आग लागली, अन् ते मधात उभी राहून दोन्ही हात हलवून ओरडून राहिली. शंभर माणसाच्या पंगतीचा भात एकटीनं उतरवणारी बाई." त्यांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला. "मले पाहवलं नाही. काढून टाकली."

सोनूने लॅपटॉपवरून नजर उचलली नाही. "काढताना विचारतो ना तो? नक्की का म्हणून?"

"विचारते. दोनदा विचारते." भाऊजींनी पंच्याने उगाच टेबल पुसलं. "त्या बाबतीत बरा आहे गेम. विचारते तरी."

बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मग सोनू उठली, बॅगेची चेन उघडली आणि एकेक शर्ट काढून कपाटात परत ठेवू लागली. घड्या चुकीच्या पडत होत्या. मी त्या तशाच राहू दिल्या.