टेबलाची गोधडी

आमच्या घरात जेवायचं टेबल नाही. तळवड्याच्या आमच्या खोलीत ते मावणारही नाही, कारण जिथं जेवायचं तिथंच ताटं उचलली की अंथरुणं पडतात. तरी एका दिवाळीला मी टेबलावर अंथरायचा पट्टा शिवला. आत थर घालून, वर मशीनचं भरतकाम करून, असा शिवला की तो आठवला की अजून माझं डोकं तापतं.

तेव्हा मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या लाइनवर होते. नऊ वर्षं होते, पण कंत्राटावर. दर सात महिन्यांनी आम्हाला ब्रेक मिळायचा. ब्रेक म्हणजे चहाची सुट्टी नव्हे. कार्ड काढून घ्यायचं, थोडे दिवस घरी बसवायचं आणि मग नव्याने भरती करून घ्यायचं. थोडक्यात, नऊ वर्षं मी नवीनच होते. कायम झालेल्यांच्या गळ्यात कार्डाची फीत हिरवी, आमची निळी. हिरव्यांना निगडीपर्यंत कंपनीची बस होती. निळ्यांनी रस्त्यावर हात करायचा आणि थांबेल त्यात कोंबून घ्यायचं.

मला ती हिरवी फीत हवी होती. दागिना हवा असावा तशी हवी होती, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आमचा सुपरवायझर लातूरकडचा, म्हणजे आमच्याच भागातला, वयाने माझ्यापेक्षा लहान. मी त्याला सर म्हणायचे आणि तो मला ताई. ताई म्हटलं की अर्धं काम फुकटात होतं, हे शहाणपण त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. दिवाळी जवळ आली तसा तो एकदा माझ्या मशीनशी येऊन उभा राहिला.

"ताई, एक काम हाय. एचआरच्या मॅडमला टेबलाला रनर पाहिजे."

"रनर म्हणजे काय ओ?"

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. लांबलचक टेबल, त्याच्या मधोमध एक पट्टा, पट्ट्यावर पणत्या. शेजारच्या मशीनवरची बाई वाकून बघत म्हणाली, "टेबल कुठं पळून चाललंय का, त्याला पट्टा बांधायला?" सगळी लाइन खिदळली. तोही हसला. मग हळूच म्हणाला, की दिवाळीच्या आठवड्यात बाहेरदेशीचे पाहुणे यायचेत, नव्या मॉडेलचं काम त्यांच्याच हातात आहे, आणि मॅडमला आपल्याच कापडाचं, आपल्याच हातचं काहीतरी टेबलावर हवंय.

"कटिंगचे तुकडे पडल्यातच. घेऊन जा, घरी शिवा. मी तुमचं नाव सांगतो. साहेब खूश झाले की पर्मनंटचं तिथंच बोलून टाकतो. माझा शब्द हाय, ताई."

मी त्या शब्दावर गेले. आणखी कशावर जाणार होते?

कापड होतं मरून आणि फिकट पिवळसर, पाठीला पातळ स्पंज चिकटवलेलं. हेडरेस्टवर गाडीचं नाव भरायचं एम्ब्रॉयडरीचं मशीन होतं, त्यावर जेवणाच्या सुट्टीत बसायची परवानगी त्याने काढून दिली. रिंगेत कापड ताणायचं, खाली कागद लावायचा आणि सुई धावू द्यायची. पहिली पणती बिघडली. स्पंजमुळे कापड आत ओढलं गेलं आणि ज्योत चुण्या पडून सुरकुतली. मग वेग कमी केला, टाके विरळ घेतले, तेव्हा कुठं पणती पणतीसारखी उमटली. दोरे कंपनीचेच, लाल, रुपेरी, काळा आणि एक हिरवा. पणत्यांच्या मध्ये मी आंब्याची पानं भरली, हिरवी. त्या हिरव्यात माझं मन होतं, हे कबूल करते. डबा तसाच राहायचा आणि उरलेली शिफ्ट मी उपाशी काढायचे, पण तेव्हा ते जाणवायचं नाही.

बाकीचं शिवण गुरुवारच्या सुट्टीत घरी केलं. महागड्या गाडीच्या सीटवर शंकरपाळ्यांसारखी चौकट असते ना, तशी शिलाई मी सगळ्या पट्ट्यावर मारली. सासूबाई भिंतीला टेकून बघत होत्या. गावाकडे त्यांच्या गोधड्यांचं नाव होतं. आता हात कापतो म्हणून सुई सुटली होती, बोलणं काही सुटलं नव्हतं.

"ही कसली गं गोधडी? एवढी अरुंद! सापाला पांघरायची काय?"

"टेबलाला, आत्या."

"टेबलाला थंडी वाजती व्हय?"

मग त्यांनी पट्टा मांडीवर घेतला, शिलाईवरून बोटं फिरवली आणि काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे शाबासकी, एवढं मला इतक्या वर्षांत कळायला लागलं होतं. शेवटचा कोपरा शिवायला घेतला तशा त्या उठल्या, डब्यातून पोळीचा तुकडा मोडला आणि त्याला गुळाचा खडा लावून माझ्यापुढं धरला.

आमच्याकडे गोधडी उपाशी ठेवत नाहीत. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत घास घालायचा, मग टाका घ्यायचा.

"आत्या, ही कंपनीची हाय."

"कंपनीची म्हणून उपाशी मारतीस? घाल म्हणते ना. जिथं जाईल तिथं काय कमी पडायचं न्हाई. शिवणारीलाबी पडायचं न्हाई."

मी घास घातला आणि कोपरा शिवून टाकला.

पाहुणे आले त्या दिवशी निळ्या फितीवाल्यांना लवकर जेवायला बसवलं, म्हणजे पाहुण्यांच्या नजरेला पडायला नकोत. पाणी भरायला नळाशी गेले तर समोरच्या मोठ्या खोलीचं दार उघडं दिसलं. टेबलावर माझा पट्टा होता. त्यावर बॅटरीच्या पणत्या लुकलुकत होत्या. एक पाहुणा अंगठ्याने शंकरपाळीची शिलाई चाचपत होता, शिवणातलं कळणारा माणूस चाचपतो तशी. त्याने काहीतरी विचारलं. मॅडमने हसून सुपरवायझरकडे हात केला, आणि इस्त्रीच्या शर्टातला आमचा भाऊ हात जोडून पुढं झाला. माझं काळीज सुपाएवढं झालं. आता नाव घेईल, म्हणून बाटली तशीच नळाखाली धरून मी उभी राहिले. तेवढ्यात कुणीतरी दार लोटलं.

आत चहा देणाऱ्या बाईला मी नंतर गाठलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण एक शब्द तिने बरोबर धरला होता. सुपरवायझर म्हणाला होता, टीम. टीमने केलंय.

नऊ वर्षांत मी कधी कंपनीची झाले नाही, टीम मात्र एका दुपारीत झाले.

तरी मी वाट पाहिली. पाहुण्यांसमोर नाही बोलता आलं, मागून बोलेल, असं मनाला समजावत राहिले. दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशीच माझा ब्रेकही लागत होता. उरलेले तुकडे मी घडी घालून जपले होते, ते परत द्यायला त्याच्याकडे नेले.

"मला काय करायच्यात, ताई? घेऊन जा. पिशवी-बिशवी शिवा."

"आणि आपलं ते बोलणं?"

"दिवाळी होऊ द्या की."

गेटवर सिक्युरिटीवाल्याने पिशवी उघडली. वर कंपनीने दिवाळीला दिलेला सोनपापडीचा खोका, खाली तुकडे. मटेरियलचा पास कुठाय म्हणाला. पास नव्हता. सुपरवायझरनेच दिलेत म्हटल्यावर त्याने फोन केला आणि तो आला. नेमक्या मॅडमही घरी निघाल्या होत्या, त्याही थांबल्या.

"हे तुम्ही दिलेत का?" मॅडमने त्याला विचारलं.

तो तुकड्यांकडे बघत होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"नाही मॅडम. मला काही कल्पना नाही."

मी म्हटलं, मॅडम, ह्याच कापडाचा पट्टा तुमच्या टेबलावर पडलाय, तो मी शिवलाय, पणती न् पणती माझी आहे. मॅडम अजिबात चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तो टीमने केलाय. आणि तो वेगळा विषय आहे."

वेगळा विषय! माझ्या हातचं टेबलावर असलं की शोभा, माझ्या पिशवीत असलं की चोरी.

सिक्युरिटीवाल्याने तुकडे ठेवून घेतले आणि गळ्यातलं कार्ड मागितलं. ते त्या दिवशी तसंही द्यायचंच होतं. पण सुट्टीवर जाताना कार्ड देणं निराळं आणि चोर ठरून देणं निराळं. मी फीत डोक्यावरून काढली, ती अंबाड्यात अडकली, केस ओढले गेले, आणि तेव्हा माझा तोल सुटला. नऊ वर्षं ज्याला अहो-जाहो केलं त्याला मी सगळ्यांदेखत एकेरीवर घेतलं. "भाऊबीजेला ये रे घरी," मी ओरडले, "ताई ओवाळायला बसलीय तुझी!"

माझ्या मागून आमच्या लाइनच्या बाया एकेक करून पिशवी उघडी धरून गेटबाहेर गेल्या. सगळ्यांना ठाऊक होतं पट्टा कुणी शिवला ते. एकीनेही तोंड उघडलं नाही. त्यांच्याही गळ्यात निळीच फीत होती, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मला त्यांचा राग येतो, आजही येतो.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाले? आवडली का?" मी सोनपापडीचा खोका पुढं केला. त्यांनी बोळक्या तोंडात चिमूटभर टाकली आणि म्हणाल्या, "ग्वाड हाय." खरं काय ते मी त्यांना दिवाळी झाल्यावर सांगितलं.

ब्रेक संपला तरी बोलावणं आलं नाही. मी घरीच ब्लाउज शिवायला लागले. मारुंजीच्या सोसायट्यांमधल्या नोकरीवाल्या मुली उशांचे अभ्रे, पडदे देतात, त्यावर चाललंय. गरज सरो, वैद्य मरो, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मग वर्षाने, पुन्हा दिवाळीच्या तोंडावर, कंपनीला पुन्हा वैद्य लागला.

"ताई, ओळखलं का?"

फोनवरचा तो आवाज मी लगेच ओळखला.

"पाहुणे परत यायलेत. तुमचा तो पट्टा कपाटातनं काढला, तर एका कोपऱ्यातून मुंग्याच मुंग्या निघायल्यात. मॅडम लई भडकल्यात. तसाच दुसरा करून द्या की. पैसे देतो या वेळी." तो थोडा थांबला. "आणि आत काय घालू नका, ताई."

म्हणजे त्याला कळलं होतं आत काय होतं ते. कळणारच. त्याच्याही आईने त्याची गोधडी उपाशी ठेवली नसणार.

नाही म्हणायला हवं होतं. ते मलाही समजतं, कुणी शिकवू नये. पण नाही म्हणायला गळ्यात हिरवी फीत लागते. मी हो म्हटलं. कापड घरपोच आलं, वर गेट पास टाचलेला.

पुन्हा मरून कापड, पुन्हा शंकरपाळ्या. भरतकाम या वेळी शेजारच्या युनिफॉर्मवाल्याच्या मशीनवर करून घेतलं. पणत्या भरल्या. आंब्याची पानं वगळली. शेवटच्या कोपऱ्याशी आले तशा सासूबाई भिंतीला धरून उठल्या, पोळीचा तुकडा मोडला, गूळ लावला आणि हात पुढं केला. हात आता जास्तच कापत होता.

"नको, आत्या. घालू नका म्हणून सांगितलंय त्यानं."

"का? त्याच्या आईनं शिकवलं न्हाई व्हय त्याला?"

"शिकवलंय."

मग तो घास त्यांनी माझ्या तोंडात कोंबला. "मग तू खा," म्हणाल्या, "कवाधरनं उपाशी बसलीयास."

मी तो चावत चावत मशीनवर वाकले आणि कोपरा रिकामाच शिवून टाकला.