विठू तांडेलांचा हात

विठू तांडेलांचा उजवा हात थरथरतो, असं मी एकदा लेखी दिलं होतं. तीन प्रतींत, इंग्रजीत, खाली लफ्फेदार सही ठोकून. आयुष्यात मूर्खपणा मी पुष्कळ केला, पण टाइप करून घेतलेला एवढाच.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. गिरगावच्या चाळीत वाढलेला, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेतलेला आणि माझगावच्या एका बोटी बांधणाऱ्या कारखान्यात असिस्टंट म्हणून चिकटलेला. खिशाला दोन पेनं असत, त्यातलं एक चालत नसे. बोटींचे नकाशे काढायचो, पण पोहता येत नव्हतं. ही गोष्ट मी कारखान्यात कुणालाच सांगितली नव्हती, आणि ती सगळ्यांनाच ठाऊक होती.

तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. आमच्याकडे तयार झालेली प्रत्येक लाँच पहिल्यांदा पाण्यात चालवून बघायची ती विठू तांडेलांनी. मूळचे मालवणकडचे, बिऱ्हाड लालबागला, वय छप्पन्न. माणूस बुटका, पण लाँचच्या चाकामागे उभा राहिला की उंच वाटायचा. चाक धरायचे तीनच बोटांनी, आमटीत मीठ घालताना चिमूट धरतात तसं. आणि तो हात सारखा हलत असायचा. किंचित इकडे, किंचित तिकडे. इंजिन कुरकुरलं की शिवी हासडायचे, “शिरा पडो तुज्यार!” आणि लगेच त्याला थोपटायचे.

मला ते ‘सायबानू’ म्हणत. त्यात आदर किती आणि गंमत किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मीही त्यांना अहोजाहो करी, पण मनात म्हणे, चौथी शिकलेला माणूस, ह्याला काय कळतंय!

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. सगळी मुंबई पेटली होती, मग मी कसा मागे राहणार? संध्याकाळी गिरगावातल्या सभांना जायचो, घोषणा देऊन घसा बसवून घ्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी तोच बसलेला घसा घेऊन तांडेलांना व्याख्यान द्यायचो. “तांडेल, मराठी बोलणारे सगळे एक! तुमची नि माझी भाषा एक, तर राज्यही एक!” ते दोरीची गाठ सोडवत शांतपणे ऐकून घेत. एकदा एवढंच म्हणाले, “तुमची मराठी माका समाजता, सायबानू. माझी तुमका समाजता काय, ता एकदा बघूक होया.” मी मोठ्याने हसलो. हसण्याचं कारण नव्हतं, पण ते पुढे कळलं.

त्या वर्षी आम्ही एक वेगवान लाँच बांधली. चोरून सोनं आणणाऱ्यांच्या मागे धावायला ती एका सरकारी खात्याला हवी होती. युद्धातून उरलेलं दांडगं इंजिन तिच्यात बसवलेलं. सावकाश चालवली की गुणी बाळ. वेग वाढवला की मात्र तोंड पाण्यावर उचलायची, तळाचा मागचा थोडासाच भाग पाण्याला टेकलेला राहायचा, आणि मग बाईसाहेब डोलू लागायच्या. आधी डाव्या कडेवर, मग उजव्या, परत डाव्या; दर खेपेला आधीपेक्षा जास्त. तांडेल त्याला ‘पाळणो’ म्हणत.

“पाळणो हलाक लागलो काय तेच्या पाठसून धावा नको,” ते मला सांगत. “तुमी डावीकडे वडतास, तवसर तो उजवीकडे गेलेलो आसता. मगे झोको तुमीच देतास.” आणि दर वेळी शेवटी एकच विनवणी: “मागचा वजन वायच पुढे घेवा.”

मागचं वजन म्हणजे पेट्रोलची टाकी. ती तिथे ठेवली होती मी. नकाशा माझा होता, मंजूर झालेला, शिक्क्यासकट. मी म्हणालो, “तांडेल, हे गणित आहे. अंदाज नाही.”

खात्याचा अधिकारी बोट ताब्यात घ्यायला यायच्या आधी आमच्या मॅनेजरनी मला बोलावलं. “बोट का डोलते? लेखी पाहिजे.” आता नकाशा चुकला म्हणावं तर नोकरी जाते. नाही म्हणावं तर बोट तर डोलतेच आहे! मग माझ्या सुपीक डोक्यात त्यांचा तो सारखा हलणारा हात आला. मी लिहिलं: बोट निर्दोष आहे, चालकाचा हात वयोमानाने थरथरतो. मॅनेजरनी वाचलं आणि ठरवलं, की तांडेलांना सोमवारी डॉक्टरांपुढे उभं करायचं आणि तिथून गोदामात बसवायचं, दोरखंडांवर देखरेख करायला.

बातमी कारखान्यात लपते कुठे? शनिवारी सकाळी तांडेल माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, आता शिव्या घालणार. पण हा माणूस टोपी काढून उभा राहिला. “सायबानू, गोदामात घालू नका माका. जमनीर माका घेरी येता.”

ते विनोद करत नव्हते. चाळीस वर्षं पायाखाली पाणी असलेला माणूस तो.  तेव्हाच कागद परत घेतला असता तर? पण मला अक्कल होती ना! मी म्हणालो, “ठीक आहे, आपण खात्री करून घेऊ. आज लाँच मी चालवतो. माझा हात काही थरथरत नाही. डोलली नाही, तर माझं खरं.”

“आणि डोलली तर?”

“डोलणार नाही.”

निघालो. मी गळ्यात टाय, हातात चाक. तांडेल बाजूला. बंदराबाहेर मोकळं पाणी आल्यावर मी वेग वाढवायचा दांडा पुढे ढकलला. तोंड उचललं, वारा कानात शिरला, टाय खांद्यावरून मागे उडाला. काय ऐट वाटली म्हणून सांगू! ऐट अर्धा मिनिट टिकली. मग बोट डावीकडे कलली. मी चाक उजवीकडे ओढलं. ती उजवीकडे गेली, जरा जास्तच. मी डावीकडे ओढलं. आता ती इतकी कलली की पाणी कोपरापाशी आलं. मी दोन्ही हातांनी चाक आवळून कधी इकडे, कधी तिकडे लोंबकळत होतो, आणि प्रत्येक झोका मीच देत होतो, तांडेलांनी सांगितल्याप्रमाणे तंतोतंत.

तेवढ्यात तांडेल ओरडले, “वगी रव! अरे, वगी रव!”

इंजिनाच्या गोंगाटात मी ऐकलं ‘वेगी’. आमच्या घरी भजनात देवाला ‘वेगी ये’ म्हणून बोलावतात. वेगी म्हणजे लवकर, जोरात. म्हटलं, अनुभवी माणूस वेग मागतोय, देऊन टाकू. दांडा मी पुढे रेटला. होता नव्हता तेवढा.

पुढच्या दोन-तीन झोक्यांचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी बोटीच्या तळाशी तांडेलांच्या पायांना मिठी मारून बसलो होतो. शपथ सांगतो, ती भक्ती नव्हती. त्यांनी दांडा बोटभर मागे घेतला, अगदी अलगद. एकदम ओढला असता तर मागची लाट चढून आत आली असती. आणि चाकावर ती तीन बोटं टेकवली. खालून मला तो हात अगदी जवळून दिसत होता. बोट डावीकडे जायच्या आत हात जरासा हललेला असायचा आणि परतलेलाही असायचा. मग उजवीकडे तेच. हात थरथरत नव्हता. तो बोटीच्या आधी हलत होता. पाचसहा वेळा तसं झालं आणि पाळणा थांबला.

“बोट कलंडूच्या आदी तिका इचारूचा,” तांडेल समोर बघतच म्हणाले. “‘खंय गो बाये?’ ती काय ता सांगता.”

दातांची कडकड जरा थांबल्यावर मी विचारलं, “तांडेल, वगी म्हणजे काय हो?”

“वगी म्हणजे गप. उगी. हात वगी ठेवचो. तुमी काय आयकलास?”

“वेगी.”

 तांडेल असे हसले, असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. “देवा म्हाराजा! आणि तुमी सगळ्या मराठीचा एक राज्य करतास!”

धक्क्यावर उतरलो तो ओल्या कपड्यांनिशी तडक मॅनेजरकडे गेलो. कागद परत मागितला. टाकीची जागा चुकल्याचं सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “मग हात कुणाचा थरथरतो?”

“माझा, साहेब.”

त्यांनी तेही लेखी घेतलं. टाकी दोन फूट पुढे सरकली, आणि अधिकाऱ्यासमोर तांडेलांनी लाँच अशी काढली, जशी पाण्यावर इस्त्री फिरवावी. मी ते गोदामाच्या खिडकीतून पाहिलं. तीन महिने दोरखंडांवर देखरेख माझ्याकडे होती.

राज्य झालं त्या दिवसांत तांडेल निवृत्त झाले. मी लालबागला पेढे घेऊन गेलो. पेढा तोंडात टाकून म्हणाले, “झाला राज्य. आता माझी मराठी शिका.” मी खरंच शिकू लागलो. महिन्यातून एकदा जायचो, चुका करायचो, त्यांच्या बायकोसकट सगळी खोली हसायची.

त्याच वर्षाच्या शेवटी ते अंथरुणाला खिळले. निरोप आला तसा दुपारीच धावलो. खालच्या दुकानातल्या मसाल्याचा खकाणा वर येत होता, आणि तांडेल त्यातही खोकत नव्हते, इतकी ताकद गेली होती. घोंगडीवर उजवा हात ठेवलेला. तो आता खरोखर थरथरत होता. मला ते बघवेना. मी बोलत सुटलो. मोठ्या डॉक्टरांना आणतो, इस्पितळात ओळख आहे, नाहीतर पुण्याला नेऊ, नाहीतर ते नवीन इंजेक्शन...

“वगी रव रे, झिला,” ते म्हणाले. झील म्हणजे मुलगा, एवढं मी शिकलो होतो.

ह्या वेळी मी बरोबर ऐकलं. चार दिवसांनी ते गेले. पण त्या दुपारी मी गप्प बसलो, बोलायला खूप होतं तरी. त्यांच्या हातावर हात ठेवला. आवळला नाही, नुसता ठेवला. दोघांपैकी कुणाचा हात जास्त थरथरत होता ते मला सांगता येणार नाही, आणि ह्या वेळी मी ते कुठे लेखीही दिलं नाही.