दुसरी खिडकी

माझी धाकटी नणंद लोकप्रशासन शिकवायची. घरात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. तिचा एक दंडक होता. ज्या कार्यालयावर विद्यार्थी लिहिणार, तिथे त्याने आधी ओळख न सांगता रांगेत उभं राहून स्वतःचं एखादं काम करून घ्यायचं. नुसती पुस्तकं वाचून लिहिणाऱ्यांना ती ‘घरबसले साहेब’ म्हणे.

दाखल्यांच्या कार्यालयावरच्या अभ्यासाने तिचं नाव झालं. रांग दाराबाहेर गेली तशी तिथे दुसरी खिडकी उघडली, कोणी तक्रार न करता. म्हणजे लोकांची गरज डोळ्यांसमोर उभी राहिली की कार्यालय आपणहून सुधारतं, असं तिने मांडलं. बाहेरगावची विद्यापीठंही ते शिकवू लागली. त्यावरचं पुस्तक छापायला गेलं होतं. ते निघालं की विभागप्रमुखाची खुर्ची तिचीच, हे सगळे धरून चालले होते.

तेवढ्यात माझे यजमान गेले. मृत्यूचा दाखला आणायला आम्ही दोघी त्याच कार्यालयात गेलो. दुसरी खिडकी बंद होती.

“ही का बंद?” तिने विचारलं.

“कॉलेजला सुट्टी आहे ना, बाई,” कारकून म्हणाला. “ती पोरं आली की गर्दी उसळते. सगळ्यांना जन्माचा दाखला हवा! एकाला म्हटलं, अरे, परवा नेलेला खाल्लास की काय?”

मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून ते गिळलं.

घरी आल्यावर तिने अभ्यासाच्या नोंदींची जुनी वही काढून चाळली. मग म्हणाली, “वहिनी, लोकांची गरज कसली! माझीच पोरं मी मोजली गं.”

“कोणाला कळणार आहे? इतकी वर्षं त्या खुर्चीसाठी राबलीस.”

“पुस्तक छापलं तर पुढची पोरं हेच घोकतील.”

दुसऱ्या दिवशी तिने हस्तलिखित परत आणलं आणि चूक वर्गात स्वतः सांगितली. खुर्ची दुसऱ्याला गेली. “बरंय,” ती म्हणाली, “बैठकांमधून सुटले.” पण आठवडाभर जेवणावर तिची वासना नव्हती.

दंडक तिने सोडला नाही, त्याला फक्त एक जोड दिली. आता तिच्या विभागातल्या प्रत्येक प्रबंधात सुरुवातीलाच लिहावं लागतं, की रांगेत आपली माणसं किती होती.