उपदेशाचा उरलेला भाग

२००८ च्या मार्च महिन्यात, उपवासकाळातल्या एका रविवारी, नवीन पनवेलमधल्या एका शाळेच्या सभागृहात चाललेला आमच्या पाळकसाहेबांचा उपदेश मी अर्ध्यावर थांबवला. न्यायाचा भाग सांगून झाला होता. दयेचा भाग राहिला.

आमच्या ख्रिस्ती मंडळीला स्वतःचं मंदिर, म्हणजे चर्च, नव्हतं. बहुतेक कुटुंबं नगर, जालना भागातून नोकरीसाठी मुंबईला आलेली आणि नंतर इथल्या सेक्टरांमधल्या फ्लॅटांत स्थिरावलेली. शाळेचं सभागृह रविवारी वाटून घेतलेलं असे. आधी आम्ही, अकराला मल्याळी मंडळी, दुपारनंतर तमिळ. अकराच्या थोडं आधीच मल्याळी मंडळींचा ढोलक आणि कीबोर्ड व्हरांड्यात येऊन थांबे.

मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी. सूचना वाचणं आणि वेळ सांभाळणं ही माझी कामं. पहिल्या रांगेच्या कडेला बसून मी हातातला घडी केलेला कागद वर धरला की पाळकसाहेब समजत आणि आटोपतं घेत.

डेस्कवर बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर असतं, जागा कमी पडली की शेवटचे परिच्छेद उडवायचे; वाचकाचं काही जात नाही. पाळकसाहेबांचा उपदेश याच्या उलट रचलेला असे. आधी न्याय, अगदी रोखठोक, कोणाचीही भीड न ठेवता. मग दया. कमिटीच्या बैठकीत एकदा कोणीतरी त्यांना म्हणालं होतं, "साहेब, जरा गोड बोला की. लोक आठवडाभर ऑफिसातल्या साहेबाचं ऐकून आलेले असतात." त्यावर ते म्हणाले, "ज्याला गुन्हा सांगितलाच नाही, त्याला माफी कशाची देऊ? पण गुन्हा सांगून त्याला तसंच घरी पाठवलं, तर मी पाळक नाही, फौजदार झालो." हे मी ऐकलं होतं. त्या बैठकीचा वृत्तान्तही मीच लिहिला होता. त्यामुळे मला माहीत नव्हतं, असं म्हणता येणार नाही.

त्या रविवारी वेळ उपदेशाने खाल्ला नाही. महिला मंडळाची कर्नाळ्याची सहल ठरत होती. मी सूचना वाचली, मागून प्रश्न आले, बस कुठून सुटणार, जेवण कोणी आणायचं, लहान मुलांना न्यायचं का. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. लोक हसत होते. मलाही बरं वाटत होतं.

मग साहेब उभे राहिले. शास्त्रपाठ एका शहराच्या नाशाच्या घोषणेचा होता. ते म्हणाले की माणसांच्या कोर्टात सुटलेला माणूस सुटलेला नसतो. साक्षीदार नव्हता म्हणून जे घडलं ते घडलं नाही, असं होत नाही. खोटं बोलून मिळवलेली सुटका ही दुसरी कोठडी असते. हे सांगताना ते सभागृहाच्या मागच्या भागाकडे बघत होते. मी मागे वळून पाहिलं नाही. व्हरांड्यात ढोलकाचा आवाज आला आणि मी कागद वर धरला.

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. "थोडं राहिलंय," माइकवरूनच म्हणाले. मी कागद खाली घेतला नाही. त्यांनी डोळे मिटले, एका ओळीची प्रार्थना केली आणि आशीर्वादासाठी हात वर केला. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक खुर्ची वाजली.

बाहेर मल्याळी मंडळींचे सेक्रेटरी उभे होते. ते माझ्याशी नेहमी चेष्टेने बोलत. "ब्रदर, आज वेळेवर? तुमच्या लोकांना स्वर्गात पण एक्स्टेंशन लागतं." मी हसलो. पाळकसाहेब पायऱ्यांवरून रस्त्याकडे बघत होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तो गेला का?"

कोण, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. साहेब मला बरोबर घेऊन गेले. शिवणयंत्र आणि दोन पलंग मावतील एवढ्या फ्लॅटमध्ये एक बाई एकटीच होती. तिचा नवरा एसटीत ड्रायव्हर होता. आमच्या उपासनेला तो क्वचित येई आणि आला की दाराजवळ बसे. सकाळीच तो नेवाशाकडच्या आपल्या गावी निघून गेला होता.

"सलाम, साहेब," ती म्हणाली आणि खुर्च्यांवरचे कपडे उचलले. माझ्याकडे पाहून थबकली. साहेबांनी मान हलवली तेव्हा बोलली. काही वर्षांपूर्वी पळस्पे फाट्याजवळ त्याच्या गाडीखाली एक शाळकरी मुलगी आली होती. कोर्टात तो म्हणाला, मुलगी अचानक धावली. त्याला सोडून दिलं. खरं म्हणजे त्याचा डोळा लागला होता.

"सगळे म्हणायचे, तुझी चूक नव्हती. मी बी म्हणायचे. त्यांना ते ऐकवतच नव्हतं. म्हणून तर तुमच्याकडं आले होते ते, साहेब."

"हो. मीच म्हटलं होतं, रविवारी ये," साहेब म्हणाले. "काल घरी आल्यावर काय म्हणाला?"

"जेवले नाहीत. म्हणाले, पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं. मी विचारलं, पुढं काय म्हणाले साहेब? तर म्हणाले, पुढं काही नाही. तिथंच संपलं."

साहेबांनी तिच्याकडून नंबर घेऊन तिथूनच फोन लावला. दोन्ही हातांनी फोन धरून ते बराच वेळ बोलले. राहिलेला सगळा भाग त्यांनी सांगितला, थोडा घाईने. पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी ते सांगितलं: "ते सगळ्यांसमोर बोललात, साहेब. हे मला वाईट वाटू नये म्हणून बोलताय."

बाई म्हणाली, "तसंच हाय त्यांचं. चांगलं कोणी बोललं की त्यांना ते खोटं वाटतं."

जिना उतरताना मी म्हणालो की वेळेची फार अडचण होती. साहेब म्हणाले, "वेळ मंडळीची होती. निरोप माझा होता. मी बसायला नको होतं." मला दोष द्यायची ती जागा होती. ते तिथून तसेच पुढे गेले. त्यांनी गावी निरोप पाठवला की येत्या रविवारी राहिलेला भाग सगळ्यांसमोर सांगणार आहे, त्याने यावं.

त्या रविवारी मी सूचना वाचल्या नाहीत. साहेबांनी पहिल्या गीतानंतर लगेच उपदेश घेतला. सुरुवातीलाच म्हणाले, "मागच्या रविवारी मी तुम्हाला अर्धा निरोप दिला. ज्याच्या हाती निरोप दिलाय त्याने तो अर्धा पोचवला, तर तो निरोप खोटा होतो. याचा हिशेब माझ्याकडून मागितला जाईल. मी तुमची क्षमा मागतो." माझ्या कागदाचा उल्लेख नव्हता. माझ्या मागे बसलेली एक वयस्कर बाई शेजारणीला म्हणाली, "वय झालं आता साहेबांचं. कुठं थांबायचं ते कळत नाही." मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी वळून काही सांगितलं नाही.

ड्रायव्हर आला नव्हता. त्याची बायको आली होती. त्याच दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन, पदर डोक्यावर. साहेबांनी तिच्याकडे पाहून सगळा भाग सांगितला.

उपासनेनंतर साहेबांना एका आजारी माणसाकडे जायचं होतं. ती तशीच नवऱ्याकडे गावी निघाली होती; तिला एसटी स्टँडवर सोडायचं काम मी मागून घेतलं. नगरची गाडी लागायला अवकाश होता. ती बाकावर बसली, मी उभा राहिलो.

"भाऊ," ती म्हणाली, "साहेब शेवटी काय म्हणाले ते एकदा सांगा. मला तसंच त्यांच्यापुढं बोलायचंय."

मी म्हणालो, "साहेबांचं म्हणणं असं की मनापासून पश्चात्ताप केला, तर देव क्षमा करतो."

"हे पेपरातल्यावानी झालं," ती म्हणाली. "हे मला बी येतं. साहेब माणसाकडं बघून बोलत होते. तुम्ही बी तसं बोला. माझ्या जागी ते बसलेत असं समजा."

शेजारच्या बाकावर एक कुटुंब डबा उघडून बसलं होतं. पलीकडे दोघे कॉलेजचे विद्यार्थी होते. मी चहूकडे पाहिलं. उपासनेत शास्त्रपाठ मी अनेकदा वाचला होता, पण समोरच्या माणसाला उद्देशून असं काही आयुष्यात बोललो नव्हतो. आवाज खाली आणून म्हणालो, "तू केलंस ते वाईट होतं. ते मी कमी करून सांगणार नाही."

"ऐकू येत नाही," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हणालो. डबा खाणारी बाई माझ्याकडे बघू लागली. मी पुढे म्हणालो, "पण ज्या देवाने तो न्याय केला, त्यानेच ती शिक्षा आपल्या अंगावर घेतली. आता तुझ्यावर काही राहिलेलं नाही. त्या मुलीच्या आईबापांकडे जाऊन खरं सांग. भीतीने जाऊ नकोस, क्षमा झालेला माणूस म्हणून जा. आणि मग घरी ये."

"पहिलं बी सांगा," ती म्हणाली. "कमी करून सांगणार नाही, ते. ते नसलं तर पुढचं त्यांना पटायचं नाही."

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. विद्यार्थ्यांपैकी एकाने कानातला हेडफोन काढला. गाडी फलाटाला लागली. कंडक्टर दारातून म्हणाला, "काका, कीर्तन आवरा, ताईंना बसू द्या."

तिने पिशवी उचलली, आत जाऊन खिडकीजवळची जागा धरली. मी खिडकीखाली उभा राहिलो. तिने मला पुन्हा काही विचारलं नाही. गाडी मागे सरून फाटकाकडे वळली तेव्हा ती समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.